सहा गळके माठ

११ जानेवारी २००३, शनिवार

सलग चौथा दिवस. आबांनी ताटातली भाजी उचलून बाजूच्या वाटीत ठेवली आणि चटणी-भाकरी खाल्ली. सिंधूने फ्लॉवर केला होता, चांगला झाला होता. आबा म्हणाले, "फवाऱ्याचा वास येतो."

मला कसलाच वास आला नाही. पण ज्या माणसाने भांडगावच्या मळ्यात साठ वर्षं भाजीपाला पिकवला, त्याच्या नाकाशी वाद कोण घालणार?

गेल्या महिन्यात बांधावरून पडून त्यांचा खुबा मोडला. ऑपरेशन इथे दौंडला झालं. मार्चअखेरपर्यंत गावी न्यायचं नाही, रोज व्यायामाला आणायचं, नाहीतर कायमचे कॉटवर, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. म्हणून आई-आबा आमच्याकडे आहेत. हे घर बांधून नऊ वर्षं झाली, आबा इथे दोन रात्रींच्या वर कधी टिकले नाहीत. आताही रोज सकाळी चहाबरोबर तेच: "शंकरला जीप घिऊन बोलीव." शंकर माझा धाकटा भाऊ, गावची शेती तोच बघतो.

त्यांनी राहावं असं मला वाटतं. खुब्यासाठी तर वाटतंच, पण नुसतं खुब्यासाठी नाही. बाविसाव्या वर्षी मी शेती सोडून कंपनीत गेलो. तेव्हापासून आबा माझ्याशी पाव्हण्याशी बोलावं तसं बोलतात. एकावन्नाव्या वर्षी असं लिहायला लाज वाटते, पण वही कोण वाचतंय.

ऑक्टोबरात व्हीआरएस घेतली. तेव्हापासून मी घरीच. सिंधू अंगणवाडीत गेली की घरात आई कामात, आबा कॉटवर आणि मी खुर्चीवर. आबा छताकडे बघतात, मी पंख्याकडे. माणसाने किती वेळ पंख्याकडे बघायचं?

ठरवलं. गच्चीवर मेथी लावायची. घरची भाजी पोटात गेली की जीप विसरतील.

१३ जानेवारी, सोमवार

गोपाळवाडी रस्त्याच्या नर्सरीत जाऊन आलो. सिमेंटची कुंडी साठ रुपये, आणि दोघांनी उचलायची. अशा दहा घेतल्या तर मेथीची जुडी सोन्याच्या भावात पडेल, शिवाय स्लॅब खाली येईल तो वेगळाच. प्लास्टिकची कुंडी हलकी, पण एवढीशी. तिच्यात तुळससुद्धा अवघडून बसेल.

कंपनीत शेवटची तेवीस वर्षं स्टोअर सांभाळलं. माल कशात ठेवायचा हे मला नर्सरीवाल्याने शिकवायची गरज नाही. भंगारवाल्याकडून तेलाचे पंधरा किलोचे आठ डबे आणले. वरचा पत्रा कापला, तळाला खिळ्याने भोकं पाडली, माती भरली. बोट कापलं.

डबे दारातून वर नेताना आबांनी पाहिलं. "भज्याची गाडी लावतो काय रं?"

आई हसली, तेवढंच.

२१ जानेवारी, मंगळवार

आठपैकी पाच डब्यांत मेथी उगवली. हातात कोंब घेऊन खाली धावलो, आबांना दाखवला. त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि परत माझ्या हातात दिला. "डब्यातली शेती," एवढंच म्हणाले.

दुपारी डब्याला हात लावला तर चटका बसला. पत्रा तापतो, आतली माती तापते, मेथी बिचारी शिजते. हे आधी का सुचलं नाही? राहिलेल्या तेलाला मुंग्या लागल्यात ते निराळंच.

२४ जानेवारी, शुक्रवार

मेथी गेली. पाचही डब्यांतली.

व्यायामाला जाताना आबा रिक्षात म्हणाले, "सोमवारी जायाचं मला." मी म्हटलं, बघू. ते म्हणाले, "तू बगच. म्या जातो." इथे राहून त्यांना मिळतंय तरी काय? भाजी बाजारची, पाणी नळाचं आणि समोर दिवसभर मी.

शंकरला फोन करून सांगितलं, जीप नादुरुस्त आहे म्हणून सांग.

२६ जानेवारी, रविवार

आज डोकं चालवलं असं वाटलं होतं. भंगारात निळा ड्रम मिळाला, एमआयडीसीतल्या कुठल्याशा कारखान्याचा. उभा कापून दोन नांदी होतात, पत्र्यासारख्या तापत नाहीत, जन्मभर टिकतात. तीन पाण्याने धुतला. स्टोअरमध्ये आमचा नियमच होता, तीन पाण्याने धुतला की ड्रम स्वच्छ, रजिस्टरला सही.

अंगणात धूत होतो. आबा वॉकर घेऊन दारापर्यंत आले. वाकून वास घेतला.

"काय व्हतं ह्यात?"

"आता काही नाही आबा. तीन पाण्यानं धुतलाय."

"तीन पाण्यानं धुतल्यावर तू जेवशील का ह्यात?"

मी फडक्याने ड्रमची कड पुसत राहिलो.

"मंग मला कसा जेवाय घालतो?"

ड्रम परत दिला. तेवीस वर्षांत मी त्या नियमाखाली किती सह्या केल्या असतील. असा प्रश्न कुणी मला विचारला नव्हता आणि मीही स्वतःला विचारला नव्हता. जेवण गेलं नाही.

३० जानेवारी, गुरुवार

सिमेंटच्या रिकाम्या गोण्या आणल्या. झटकून, धुऊन, वरचं तोंड दुमडून अर्ध्या भरल्या. सहा गोण्यांत मेथी टाकली. खर्च जवळजवळ शून्य. दिसायला मात्र गच्चीवर पूर आल्यासारखं दिसतं. सिंधू म्हणाली, "अहो, शेजारचे विचारत होते, बांधकाम काढलंय का?"

विचारू देत.

८ फेब्रुवारी, शनिवार

उगवली! सहाही गोण्यांत. माती गार राहते, गोणीतून पाणी निथळतं. गच्चीवर नुसतं बसून राहावंसं वाटतं. मी तर बसतोच. पण लगेच भीती वाटते, ही पण जाईल का? तासातासाला जिना चढतो. सिंधू म्हणते, बाळंतिणीच्या खोलीत डोकावल्यासारखं करताय.

नळाला दिवसाआड पाणी येतं, म्हणून एक बादली भरून गच्चीवर ठेवतो.

१२ फेब्रुवारी, बुधवार

कुणीतरी बादलीतलं पाणी चोरतंय.

सकाळी व्यायामाहून आबांना आणून सोडलं, बँकेत गेलो, बाराला परत आलो तर बादली निम्मी. कावळा एवढं पीत नाही. शेजारच्यांची गच्ची आमच्या गच्चीला लागून आहे, मधे गुडघाभर कठडा. त्यांचाच उद्योग असणार. बादलीच्या आत खडूने रेघ मारून ठेवली आहे.

शिवाय आबांचं वाळत घातलेलं धोतर वाऱ्याने उडून नेमकं मेथीवर पडलं होतं, चारही टोकं विटांत अडकून. मी काढून परत दोरीवर टाकलं. ऊन मिळायला नको का मेथीला?

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

रेघ चार बोटं खाली. धोतर परत मेथीवर. हा वारा आहे की काय आहे?

आईला विचारलं, वर कोणी येतं का. आई म्हणाली, "म्या खाली सैपाकात, मला काय ठावं?" आणि पदर तोंडाला लावून आत गेली. तिला दमा उठलाय का बघायला पाहिजे.

१७ फेब्रुवारी, सोमवार

व्यायाम घेणाऱ्या बाई खूश आहेत. पाय अपेक्षेपेक्षा फार लवकर सुधारतोय म्हणाल्या. "पायऱ्या चढवता का घरी?" मी म्हटलं, छे, जिन्याला शिवूसुद्धा देत नाही, तुम्हीच तर नको म्हणाला होतात. आबा भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते. पाय तेल चोळल्याने सुधारत असणार. रोज रात्री मी स्वतः चोळतो.

परत येताना रिक्षात मी आपला मेथीबद्दल बोलत होतो. आबा म्हणाले, "कोपऱ्यातल्या गोणीत लई दाट झालीया. इरळ करावी." सिंधूने सांगितलेलं दिसतंय. गच्चीवरच्या गोष्टी तिला यांना सांगता येतात, मला मात्र यांच्याशी दोन वाक्यं जुळवता येत नाहीत.

वर गेलो तर कोपऱ्यातली गोणी आधीच विरळ केलेली. सिंधू कधी गेली वर?

२३ फेब्रुवारी, रविवार

पहिली मेथी. दोन गोण्यांतली खुडली, चार माणसांना पुरवली. लसूण घालून सिंधूने केली. ताट आबांपुढे मीच ठेवलं, वाटी दोनदा सरळ केली. उगाच.

आबांनी सगळी खाल्ली. वाटी पुसून खाल्ली. मी वाट बघत होतो.

"मीठ जास्त झालं," म्हणाले आणि हात धुवायला उठले.

दुपारभर खुडलेल्या गोण्यांपाशी बसून होतो. महिना झाला, डबे झाले, ड्रम झाला, गोण्या झाल्या. काय पाहिजे या माणसाला?

२५ फेब्रुवारी, मंगळवार

आबा झोपतात त्या खोलीच्या छताला ओल आली. गोण्यांतलं पाणी स्लॅबवर साचतं, जुन्या चिरेतून उतरतं. सिंधूने गोण्या काढायला लावल्या. भांडलो. तिचं बरोबर आहे, म्हणून जास्त भांडलो. उरलेली मेथी घाईघाईत खुडली.

आबांनी ओल पाहिली. "आता ह्या खोलीतबी पाऊस," म्हणाले. "सोमवारी शंकर येतोय. म्याच फोन लावला."

म्हणजे सहा दिवस. खुबा अजून कच्चा आहे. गावी गेले की व्यायाम संपला, कॉट आली. आणि पुन्हा काही ते माझ्या घरी यायचे नाहीत.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

सापडलं. इतके दिवस डोळ्यांपुढे होतं आणि दिसलं नाही: माठ! मातीचा, गार, विटांवर ठेवला तर खाली ताटली ठेवता येते, स्लॅबवर थेंब नाही. नवा कशाला घ्यायचा? सावळाराम कुंभारांकडे उन्हाळ्याचे माठ निघायला लागलेत. भट्टीत बारीक चीर गेलेले गळके माठ त्यांच्याकडे मागे पडून असतात. रुंद तोंडाचे सहा निवडले. पैसेसुद्धा नको म्हणाले, मीच बळेच दिले.

म्हटलं, "दादा, तळाला एकेक भोक पाडून द्या. तुमचा हात सरावाचा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "आमी न्हाई पाडत भोक मडक्याला. तुमचं तुमी बगा." मग जरा थांबून, "घरी समदं बरं हाय न्हवं? वडील?"

म्हटलं, बरे आहेत, चालायला लागलेत. त्यांच्यासाठीच तर चाललंय हे सगळं. त्यांनी विषय बदलला. चार ठोक्यांचं काम, पण आळस माणसाचा! भोक मीच पाडणार.

सोमवारच्या आत सहा माठ वर मांडून बी टाकायचं. आबांना म्हणेन, उगवेपर्यंत तरी थांबा.

२ मार्च, रविवार

लिहू की नको. लिहितो.

कोरडा माठ ठोकला की फुटतो, म्हणून सकाळी अंगणात सहाही पाण्याने भरून ठेवले होते. दहाच्या सुमारास एक माठ तसाच भरलेला खांद्यावर घेतला आणि जिना चढलो. चिरेतून पाणी गळत होतं, पाठ भिजली. वर नेऊन पाणी ओतलं, माठ पालथा घातला, खिळा लावला, एका दगडाने ठोकला. पहिल्याच ठोक्याला सुबक भोक पडलं. इतका आनंद झाला की तसाच, दगड हातात घेऊनच, दुसरा माठ आणायला खाली गेलो.

दुसरा खांद्यावर घेऊन वर आलो तर आई गच्चीवर. कुरडया वाळत घालायला आली होती. तिने माझ्याकडे पाहिलं, खांद्यावरून गळणारं पाणी पाहिलं, हातातला दगड पाहिला, खालचं भोक पडलेलं मडकं पाहिलं. तिच्या हातातलं ताट पडलं.

"आरं, बाप जिता हाय तुजा!"

मला तरीही कळलं नाही. मी म्हटलं, काय झालं?

"मडक्याला भोक कवा पाडत्यात? कोन पाडतं? थोरला ल्योक पाडतो न्हवं? खांद्यावं घिऊन आलायस आन् मला इचारतो काय झालं!"

मग कळलं. मी, थोरला मुलगा, सरणाभोवती तीन फेऱ्या, खांद्यावर पाण्याचं मडकं, दर फेरीला दगडाने एक भोक. किती प्रेतयात्रांना गेलोय मी! किती वेळा समोर उभं राहून पाहिलंय! आणि बाप खाली कॉटवर असताना माझ्या डोक्यात फक्त पाण्याचा निचरा होता. सावळारामदादा का नाही म्हणाले तेही तेव्हाच कळलं. मी आळशी म्हटलं त्यांना.

माठ खाली ठेवायचंही सुचेना. खांद्यावर ठेवला तरी वाईट, टाकला तरी फुटेल आणि तेही वाईट. शेवटी सिंधूने येऊन घेतला.

आई जेवली नाही. देवापुढे बसून आहे. उद्या जीप आली की एक मिनिट थांबायचं नाही, या घरात आबांना ठेवायचं नाही, म्हणते. आबांना कुणी काही सांगितलं नाही, पण आईचा आवाज खाली गेलाच असणार. ते भिंतीकडे तोंड करून पडून होते. मी खोलीत गेलो नाही. कुठल्या तोंडाने जाऊ? त्यांनी राहावं म्हणून एवढं केलं आणि मीच त्यांना उचलून गाडीत घातल्यासारखं झालं.

सिंधू म्हणाली, "खरंच सुचलं नाही तुम्हाला?" रागाने नाही म्हणाली. म्हणून जास्त लागलं.

पिशवी भरून दाराशी ठेवली आहे.

३ मार्च, सोमवार

आत्ता दुपारचे दोन वाजलेत. झाल्या क्रमानेच लिहितो.

सकाळी आठला चहा घेऊन गेलो तर कॉट रिकामी. वॉकर भिंतीला टेकवलेला. संडासात नाहीत, अंगणात नाहीत. मी अनवाणी रस्त्यापर्यंत धावलो, रिक्षावाल्यांना विचारलं. मनात काय काय आलं ते वहीतही लिहिणार नाही. परत आलो तर सिंधू दारात शांत उभी. "वर बघा," म्हणाली.

"वर कसे असतील? चौदा पायऱ्या आहेत!"

"अहो, तीन आठवडे झाले. तुम्ही बाहेर पडलात की कठडा धरून जातात. मी आणि आई खालून बघत बसतो जीव मुठीत धरून. तुम्हाला सांगायचं नाही अशी शपथ घातलीय." आणि मग म्हणाली, "तेवीस वर्षं स्टोअर सांभाळलं म्हणे!"

वर गेलो. आबा पाय लांब करून उन्हात बसले होते. उरलेले पाच माठ तिथे ओळीने आणून ठेवलेले, ते मात्र सिंधूने नेले म्हणे, पहाटे त्यांनीच लावलं तिला. कालचा भोक पाडलेला माठ मांडीशी होता. ते त्या भोकात करंगळी घालून बघत होते.

"एवढ्याशा भोकानं पानी निघतं व्हय? मूळ कुजंल."

पाया पडलो. म्हटलं, "आबा, माझ्या ध्यानातच आलं नाही. हे मी आत्ता नेऊन टाकतो."

"टाकतो कशाला? चांगली मडकी हायती." त्यांनी दुसरा माठ माझ्याकडे ढकलला. "धर. पाड."

तोवर आई जिन्याच्या तोंडाशी आली होती, पदराचा बोळा तोंडात. "आवं, नगा," म्हणाली. आबांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

खाली हॉर्न वाजला. शंकर. आबा कठड्याला धरून स्वतःचे स्वतः उठले आणि वाकून ओरडले, "शंकऱ्या! मोकळीच आनली व्हय रं जीप? जा माघारी. जुनं श्यानखत भर दोन पोती, आन् घिऊन ये. आन् इळा आन माजा." शंकरने माझ्याकडे बघून हाताने विचारलं, काय? मला तरी कुठे माहीत होतं!

आबा परत येऊन बसले. मी खिळा हातात घेऊन तसाच. तो माठावर टेकवला की हात उचलत नव्हता. आई रडत होती, सिंधू तिला धरून उभी होती.

"थांबला का?"

"आबा, माझ्याच्यानं होणार नाही."

"व्हईल," ते म्हणाले. आवाज अगदी साधा होता, वाफा कसा पाडायचा ते सांगतात तसा. "त्या टायमाला तीन पाडाय लागत्याल तुला. समदा गाव बगत आसंल. आन् म्या काय सांगाय नसंन. आत्ता म्या हाय समूर, तवर हात बसू दे."

एवढं सलग ते माझ्याशी तीस वर्षांत बोलले नव्हते.

मी खिळा लावला. डोळ्यांत पाणी आलं होतं, खिळ्याचं डोकं दिसत नव्हतं. तरी दगड मारला. माठ फुटला नाही. आबांनी भोकात बोट घालून पाहिलं, जरा रुंद कर म्हणाले. मी रुंद केलं. मग त्यांनी तो उचलून बाजूला ठेवला, हात झटकला आणि म्हणाले, "दुसरा घे."